तन्मणीची तक्रार

ती केस मी अजून विसरलेलो नाही, आणि खरे सांगायचे तर विसरावी असे वाटतही नाही. तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण त्या सगळ्यांत माझी सर्वांत मोठी चूक एका मोत्यांच्या दागिन्यापायी झाली.

तेव्हा मी दक्षिण बेंगळुरूतल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. आमचे घराणे तीन पिढ्या इथलेच. घरात मराठी, ठाण्यात कन्नड. त्यामुळे हद्दीत कुणी मराठी माणूस तक्रार घेऊन आला की हेड कॉन्स्टेबल त्याला सरळ माझ्या खोलीत आणून बसवायचा. त्या सकाळी असेच एक जोडपे आले. दोघेही आयटीत, सर्जापूर रोडवर चौदाव्या मजल्यावर राहणारे. नवरा इथेच वाढलेला, बायको पुण्याची. बायकोने पर्समधून एक डबी काढून माझ्या टेबलावर उघडली. आत तन्मणी होता. मोत्यांचे सात पदर आणि मधोमध माणिक-पाचू जडवलेले सोन्याचे खोड.

दागिना तिच्या सासूबाईंचा. वय अठ्ठ्याहत्तर, पती सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. ते गेल्यावर आजी जे. पी. नगरमधल्या स्वतःच्या घरात एकट्या राहत. सुनेच्या बहिणीचे पुण्यात लग्न होते, म्हणून सुनेने तन्मणी मागितला. डबी उघडली तर मोत्यांवर चकाकी म्हणून नव्हती. चुन्याच्या गोळ्यांसारखे पांढरेफटक दिसत होते. नव्याने ओवून मिळेल का, म्हणून ती एका दुकानात गेली, तर तिथल्या विक्रेत्याने वरवर पाहून सांगितले की खोड खरे आहे, मोती मात्र साधे मणी आहेत.

आजींच्या मुलाचा तर्क सरळ होता. कुणीतरी खरे मोती काढून खोटे घातले. खोडाला हात लावला नाही, कारण ते बदलले असते तर लगेच कळले असते. आणि घरात येणारे बाहेरचे माणूस एकच, अकरा वर्षे काम करणारी अक्का. ती रोज आनेकलहून बसने यायची. सकाळी साडेआठला यायची, संध्याकाळी परत जायची. स्वयंपाक, देवघर, आजींची औषधे, सगळे तिच्याकडे. मुलाने एक विनंती केली, आईला यातले काही कळू देऊ नका, तिला रक्तदाबाचा त्रास आहे. अक्काला आम्ही कामावर येऊ नको म्हटले आहे, आणि आईला ती गावी जत्रेला गेली आहे असे सांगितले आहे.

मी गुन्हा नोंदवला, पंचनामा केला. खोडातले खडे मोजून लिहिले, मोती मोजून लिहिले, तन्मणी मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. पंचनामा अगदी काटेकोर झाला याचे मला समाधान होते. त्यात एक गोष्ट लिहायची राहून गेली, ती पुढे येईलच.

मी साध्या वेशातला एक शिपाई अक्काच्या गल्लीत चौकशीला पाठवला होता, आणि तिसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्या बाईने नाव सांगितले नाही. आनेकलच्या पेठेत दागिने ओवून देणारा एक म्हातारा कारागीर बसतो, त्याच्याकडे अक्का मोत्यांचा दागिना घेऊन गेली होती, मी डोळ्यांनी पाहिले, एवढेच सांगून फोन ठेवला. नंतर कळले की ती अक्काच्याच गल्लीतली बाई होती आणि नळाच्या पाण्यावरून दोघींचे बोलणे बंद होते. गरिबाविरुद्धची खबर बहुधा शेजारूनच येते. ती खोटी असतेच असे नाही, पण ती अर्धी असते.

मला ती पुरेशी वाटली, आणि इथेच मी चुकलो. कायद्याप्रमाणे बाईमाणसाचा जबाब तिच्या घरी जाऊन घ्यायचा असतो. हे मी कितीतरी नव्या उपनिरीक्षकांना शिकवले होते. पण आनेकलला जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडला असता. मी महिला कॉन्स्टेबलबरोबर जीप पाठवली आणि अक्काला भर सकाळी, गल्लीतून, ठाण्यात आणवले.

ती पंचेचाळिशीची, सडपातळ, मोठे कुंकू लावलेली बाई होती. मी कन्नडमध्ये प्रश्न सुरू केले. मी मराठी आहे हे नावावरून ओळखून तिने उत्तरे मराठीत द्यायला सुरुवात केली. आजींच्या तोंडची मराठी होती ती, शुद्ध, मधूनच एखादा कन्नड 'सरी', म्हणजे 'बरं'. तन्मणी नेला होता का? नेला होता. आजींना विचारून? हो. कशाला? यावर ती गप्प बसली.

मी दोन तास प्रश्न विचारले. आवाज चढवला, मग उतरवला. महिला कॉन्स्टेबलने तिला चहा दिला, तो तिने घेतला नाही. ज्याने चोरी केलेली असते तो फार बोलतो. तो वेळा सांगतो, साक्षीदार सांगतो, दुसऱ्याचे नाव सुचवतो. ही बाई एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती.

"नेला होता, परत आणून ठेवला. कशाला नेला ते मी सांगणार नाही, मी शब्द दिलाय."

"कुणाला दिलास?" मी विचारले.

तिने तेच वाक्य पुन्हा म्हटले.

अटक करण्याइतके हातात होते. पण तिचे ते गप्प बसणे मला खटकत होते. संध्याकाळी तिला घरी सोडायला सांगितले आणि दुसऱ्या दिवशी मुद्देमालाची रीतसर नोंद करून, तन्मणी घेऊन मी स्वतः आनेकलला गेलो.

कारागीर सत्तरीच्या पुढचा. दुकान म्हणजे एका कापडवाल्याच्या पायरीला लागून दोन हात जागा. समोर रेशमी दोऱ्यांच्या गुंड्या टांगलेल्या. त्याने तन्मणी हातात घेतल्याबरोबर ओळखला. भिंग डोळ्याला लावले, मोत्याच्या छिद्राची कड पाहिली, मग शेजारचे दोन मोती एकमेकांवर हलकेच घासले आणि माझा हात ओढून बोटाला ती किंचित खरखर जाणवून दिली. काचेचा मणी घसरतो, मोती असा खरखरतो, त्याने सांगितले. हे सगळे मोती खरे आहेत.

मग असे का दिसतात, मी विचारले.

"आंबटात पडलेत," तो कन्नडमध्ये म्हणाला. "चिंच असेल, लिंबू असेल. मोत्याची साल खाल्ली त्यानं."

आणि मग त्याने ती गोष्ट दाखवली, जी माझ्या पंचनाम्यात नव्हती. दोरा. मोत्यांच्या मधल्या गाठी झिजून चपट्या झाल्या होत्या, रेशीम जागोजागी तपकिरी पडले होते. हा दोरा चाळीस-पन्नास वर्षांचा आहे, तो म्हणाला. मोती बदलायचे तर दोरा तोडावा लागतो. जुन्या दोऱ्यात नवे मोती कुणाला घालता येतात, साहेब?

मी मोती मोजले होते, खडे मोजले होते, आणि ते ज्यात ओवले होते त्याकडे पाहिलेच नव्हते.

त्याने मला अक्काबद्दलही सांगितले. ती विकायला आली नव्हती. हे बरे होतील का, एवढेच विचारत होती, जसे दवाखान्यात विचारतात. सगळे नाही होणार, असे सांगितल्यावर पायरीवर बराच वेळ बसून राहिली. निघताना त्याने मला मोत्यांबद्दल चार गोष्टी ऐकवल्या, जणू दोष माझाच होता. मोती अंगावर सगळ्यांत शेवटी चढवायचा, अत्तर-पावडर झाल्यावर, आणि उतरवताना सगळ्यांत आधी उतरवायचा. ओल्या मऊ सुती कापडाने पुसायचा, सावलीत सुकवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचा नाही, चांदीबरोबर एका पुरचुंडीत बांधायचा नाही. पाचूला गरम पाणी आणि साबण दाखवायचा नाही. आणि वर्षानुवर्षे कपाटात ठेवायचा नाही, घालायचा. माणसाच्या अंगाला लागून मोती चांगला राहतो.

चोरी झालीच नव्हती, एवढे आता स्पष्ट होते. मोती आंबटात कुणी घातले, हे उरले होते. मी मुलाची विनंती बाजूला ठेवली आणि साध्या कपड्यांत जे. पी. नगरला गेलो.

दार आजींनीच उघडले. मी मराठीत नाव सांगितले, पोलीस आहे हेही सांगितले, पण परिसरातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची चौकशी करतो आहे असे म्हणालो. तेही आमचे काम असतेच. त्या प्रसन्न झाल्या. बसा म्हणाल्या आणि माझ्यासमोरच्या खुर्चीची पाठ दोनदा चाचपून मग तिच्यावर बसल्या. माझ्याकडे पाहताना त्या मान किंचित तिरकी करत होत्या. पती गेल्यावरही न सोडलेले कुंकू भुवईच्या वर सरकलेले होते. पाणी ओतताना त्यांनी पेल्यात बोट घालून ठेवले, पाणी बोटाला लागले तेव्हा ओतायचे थांबवले.

देवघरातली चांदी मात्र लखलखत होती. मी तिचे कौतुक केले. त्या खुलल्या. चांदी कशी ठेवावी हे त्यांनी मला सविस्तर सांगितले. रोज वापरातली चांदी काळी पडत नाही, ठेवणीतली पडते. ती मलमलीत गुंडाळावी, बरोबर खडूचा तुकडा टाकावा. आणि वर्षातून एकदा, गौरींच्या आधी, चिंचेच्या कोळात बुडवावी. या वर्षी कंबरपट्टा फार काळवंडला होता, म्हणून त्यांनी सगळी पुरचुंडी दोन दिवस बुडवून ठेवली होती.

"पुरचुंडीत काय काय होतं, आजी?"

त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाल्या, "तुम्ही वृद्धांची चौकशी करायला आला नाहीत."

मी सगळे सांगितले. तक्रार, फोन, आणि अक्काला जीपमधून ठाण्यात आणले तेही. रक्तदाबाची भीती मलाही होती. पण त्या उठल्या, भिंतीला हात लावत आतल्या खोलीत गेल्या आणि इस्त्रीची साडी नेसून बाहेर आल्या.

"मला ठाण्यात न्या," त्या म्हणाल्या. "जबाब द्यायचा आहे."

जबाब घरीच घेतो असे मी सांगून पाहिले. निदान त्या दिवशी तरी कायदा पाळावा असे मला वाटत होते. त्या ऐकेनात. जिथे तिला नेलेत तिथेच मला न्या, म्हणाल्या. मी मुलाला आणि सुनेला फोन केला, अक्काला मात्र बोलावले नाही.

माझ्या खोलीत त्या ताठ बसल्या आणि मुलाच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून बोलल्या.

"तन्मणी मी बुडवला. चांदीबरोबर बांधलेला होता, मला दिसला नाही. मला दीड वर्षापासून नीट दिसत नाही. अक्काला मी शपथ घातली होती, कुणाला सांगू नकोस म्हणून. सुनेनं मागितला तेव्हाही मी काही न सांगता डबी दिली."

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत. दीड वर्ष अक्का त्यांचे डोळे झाली होती. टपाल वाचून दाखवायची, साड्यांचे रंग सांगायची, मुलगा यायच्या आधी कुंकू नीट करायची. तो आठवडाभर ती आली नव्हती, म्हणून कुंकू सरकले होते.

मुलगा खाली बघत राहिला. सून उठून त्यांच्याजवळ गेली. माझ्या टेबलावर डबी उघडली होती ती तिनेच.

"आई, मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं, तर तू मला त्या चौदाव्या मजल्यावर नेलं असतंस."

सुनेने थोडा विचार केला. "हो," ती म्हणाली, "नेलं असतं." आणि तिने सासूचा हात हातात घेतला तो जीपमध्ये बसवीपर्यंत सोडला नाही.

मी कोर्टात 'बी' रिपोर्ट पाठवला, म्हणजे गुन्हा घडलाच नाही असा अहवाल. तन्मणी परत दिला. आजींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया महिन्याभरात झाली, आधी एक, मग दुसरा. त्या अजून स्वतःच्या घरातच राहतात. आनेकलच्या कारागिराने सात पदरांतून दोन पदरांपुरते मोती निवडून काढले आणि नव्या रेशमात ओवून दिले. सून तो दोन पदरी तन्मणी सणाची वाट न पाहता घालते, ऑफिसलासुद्धा. अक्काला आणायला मुलगा आणि सून दोघे गेले होते. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. ती कामावर परतली, एवढे कळले.

माझे काम मात्र उरले होते. एका रविवारी साधा शर्ट घालून मी आनेकलला अक्काच्या घरी गेलो. दारात उभा राहून म्हणालो की तुम्हाला ठाण्यात आणवले ही माझी चूक झाली, नियमाप्रमाणेही आणि माणूस म्हणूनही. तिने मला आत बसवले, कॉफी दिली, सगळे ऐकून घेतले.

"सरी, साहेब," ती म्हणाली. "पण न्यायला आलात ते जीप घेऊन. सगळी गल्ली बाहेर आली होती. आज या शर्टात तुम्ही कोण आहात हे कुणाला कळणार?"

आम्ही संशय घेतो तो चारचौघांत, आणि संशय फिटला की फाईल बंद करून कपाटात ठेवतो. त्या बाईने एका वाक्यात मला जे शिकवले, ते कुठल्याही प्रशिक्षणात मी ऐकले नव्हते.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता मी पूर्ण गणवेशात, जीप घेऊन गेलो. जीप गल्लीच्या तोंडाशी नाही, अगदी तिच्या दारासमोर उभी केली. माणसे बाहेर आली. नळाशी बायका थांबल्या. अक्का आत या म्हणाली, मी नको म्हणालो. टोपी काढून बाहेरच्या कट्ट्यावर बसलो. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात कन्नडमध्ये सांगितले की या बाईने काही चोरलेले नाही, चूक पोलिसांची होती. मग तिने कॉफी आणली. मी ती सावकाश प्यायलो, आणि संपल्यावर आणखी एक मागितली.