जिन्यातला रंग

टर्पेंटाइनचा तो वास अजूनही माझ्या घशात कुठेतरी चिकटून बसला आहे. ओल्या चुन्याच्या वासात एक थंडावा असतो. हा वास उग्र, तेलकट होता आणि त्याच्याखाली जिन्याच्या कोपऱ्यांतल्या पानाच्या पिंकांचा आंबूस दर्प तसाच जिवंत होता.

डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीला रंग लागतो तो महापालिकेच्या निवडणुकीत. दुरुस्तीसाठी वर्गणी कोणी काढत नाही. पोपडे गळत राहतात आणि सगळे निवांतपणे उमेदवाराची वाट पाहतात. जो रंग देईल, त्याला इमारतीची मते. नव्याने राहायला आलेल्यालाही हे लवकरच कळते.

गेल्या निवडणुकीत माझी नणंद अपक्ष उभी राहिली. ती शेजारच्याच इमारतीत राहते. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. गल्लीतल्या तुंबलेल्या गटारासाठी तिने वर्षानुवर्षे पालिकेचे उंबरे झिजवले होते. तिच्यापाशी चांगल्या नावाखेरीज काही नव्हते आणि तेच ती पणाला लावायला निघाली होती.

"वहिनी, रंग मी देणार नाही," तिने मला आधीच सांगितले. "गटार मात्र करून घेईन."

आमच्या गच्चीवर बैठक झाली. सोसायटीचे सचिव निवृत्त बँक अधिकारी. रोज सकाळी वर्तमानपत्राची घडी घालताना सगळे पुढारी चोर असल्याचा निकाल देणारे. त्यांनी तिचे गटार शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, रंगाचे काय? ती नाही म्हणाली. खालच्या कुठल्याशा घरात कुकरची शिट्टी झाली. मग मागच्या खुर्चीतून एक बाई बोलली. तिची दोन्ही मुले नणंदेच्या हाताखाली शिकलेली.

"आत्ताच हात एवढा आखडता, तर निवडून आल्यावर बाई सगळं एकट्याच खाणार."

सगळे हसले, अगदी खेळीमेळीने. कोणी रागावले असते तर मला इतके लागले नसते.

आठवड्याभरात बोलले जाऊ लागले की मते फोडण्यासाठी कोणीतरी तिला पैसे देऊन उभे केले आहे. भाजीवालीपाशी, औषधांच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर तेच. अखेर तिने अर्ज मागे घेतला, तर त्याच तोंडांनी विचारले, किती घेऊन बसली? आता ती भाजी आणायलाही स्टेशनपलीकडे जाते.

तिने अर्ज मागे घेतला त्याच संध्याकाळी सचिव आमच्या दारात आले. दुसऱ्या उमेदवाराने रंग कबूल केला होता. मी ठाण्याच्या कॉलेजात कविता शिकवलेली, तेव्हा छटा मीच निवडावी, असा त्यांचा आग्रह होता. मी म्हटले, त्या माणसाला तर तुम्ही रोज चोर म्हणता. ते म्हणाले की चोर सगळेच. हा निदान भिंतीला काहीतरी लावून जातो.

"ती चोर नव्हती," मी म्हटले. "तिला तुम्ही वीस वर्षं ओळखता."

ते रंगांचे कार्ड दिव्याखाली तिरके धरून पाहत होते. एका चौकोनावर बोट ठेवून त्यांनी मान वर केली.

"पिस्ता?"