पट्टीचं दुसरं टोक

माझ्या मामेसासऱ्यांनी जन्मात विश्वास टाकला तो फक्त रबरावर. देवावर नाही, सख्ख्या भावावर नाही. माझ्यावर तर नाहीच, आणि त्याला कारण आहे. येरमाळ्याला हायवेलगत त्यांचं पंक्चरचं दुकान. हाताला लागेल ते रबर झटकन ताणायचं, ओठाला लावायचं आणि ऊब लागली की "जित्तं हाय" म्हणायचं, ही त्यांची सवय. मी मुलगी बघायला रबरी चपलेत गेलो (बूट ऐनवेळी सापडले नाहीत), तेव्हा ह्या गृहस्थांनी दारातच माझ्या चपलेचा पट्टा ओढून पाहिला. ओठाला लावला नाही, एवढीच मर्यादा पाळली. "चप्पल बरी हाय," आत येऊन म्हणाले, "माणसाचं तुमी बघा."

कच्च्या रबरातलं गंधक तापलं की आतल्या धाग्याधाग्यांत गाठी पडतात, हे ते ट्यूब पाण्यात बुडवता बुडवता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत. "गाठी नसल्या तर ताणलेलं ताणलेलंच ऱ्हातंय. लई झाल्या तर तडकतंय. बेतानं पडल्या तर कितीबी वढा, माघारी येतंय." एकदा ट्रॅक्टरच्या ट्यूबवर कच्च्या रबराचं ठिगळ ठेवून त्यांनी गरम चाप आवळला आणि वेळेवर सोडायचं काम मला दिलं. मी समोरच्या हॉटेलात भजी संपेपर्यंत बसलो. चाप सोडला तर ठिगळाचा पापड. मामांनी तो कडकन मोडला आणि ट्रॅक्टरवाल्याला शांतपणे म्हणाले, "गाठी जास्त झाल्या. आमचं जावईबी असंच हायेत, लई शिकल्यालं."

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. माणूस वाचला, उजवा हात गेला. दवाखान्यातून व्यायामाला रंगीत पट्टी मिळाली. मामांनी ती डाव्या हातानं ताणून नापास केली आणि माझ्याकडून ट्यूबची पट्टी कापून घेतली. तीही मी दोनदा वाकडी कापली. आता रोज संध्याकाळी एक टोक त्यांच्या मनगटाला, दुसरं माझ्या मुठीत. मी ताणून धरायचं, त्यांनी छातीकडं ओढायचं. हात आला तर दुकान उघडायचं, नाहीतर विकायचं, हे त्यांनीच ठरवलंय. चार महिने झाले. हात येत नाही.

परवा मला राहवलं नाही. मी माझी मूठ हळूच त्यांच्याकडं सरकवली. ताण उतरला आणि उरल्यासुरल्या ताकदीनं त्यांचा हात बोटभर छातीकडं आला. मामींनी ते पाहिलं आणि साखर आणायला आत धावल्या.

मामा पट्टीकडं बघत राहिले. "म्या वढली असती तर ती ताणली असती, जावईबापू. ही तर ढिली पडली."

मी मूठ माघारी घेतली.

"तुमच्या मामीला सांगू नका," ते म्हणाले.

मामींनी आम्हा दोघांच्या तोंडात साखर घातली. मामी दिवाबत्तीला आत गेल्यावर मामांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून पुन्हा समोर ठेवला.

"धरा," म्हणाले. "ह्या बारीला घट्ट."