मुलूक वेगळा

मनोरुग्णालयात मी रुग्णांच्या भरतीचे अर्ज लिहायचे. मी भिवंडीजवळच्या खारबावची, म्हणून पोलिसांनी भिवंडीहून आणलेला माणूस हमखास माझ्याच टेबलावर यायचा. "तुमचा पाहुणा आला," सहकारी चिडवायचे.

असाच यंत्रमागावरचा एक लूम-कामगार आला. लागोपाठ दोन-दोन शिफ्ट करून लूम बंद असतानाही त्याला तिचा खडखडाट ऐकू येई, आणि तो कानांवर हात ठेवून रस्त्यात ओरडत सुटे. मी विचारलं, "भिवंडी के ही हो?"

"नहीं बाई. मेरा मुलुक अलग है."

मी लिहिलं, 'मुलूक वेगळा'. आमच्याकडे मुलूक म्हणजे गाव. माझी आईसुद्धा सांगते, "भाडेकरू घरी न्हाय, मुलूकला गेलाय." गावाचं नाव त्याला तेव्हा आठवत नव्हतं, म्हणून पुढचं रिकामं सोडलं.

वरच्या कचेरीत कुणीतरी मुलूक म्हणजे देश धरला. शेरा आला : परदेशी नागरिक, खात्री झाल्याशिवाय सोडू नये.

तीन महिन्यांत तो बरा झाला. गाव, पोस्ट, जिल्हा घडाघडा सांगू लागला. पण एकदा वेडा ठरलेल्याच्या शब्दाला कोण विचारतो? उत्तर प्रदेशातून भाऊ कागद घेऊन आला, त्यालाही कचेरीने हात हलवत परत पाठवलं.

आमच्या अडगळीच्या खोलीत इंग्रजांच्या वेळच्या नोंदवह्या आहेत. त्यांतही 'कुठला' हा रकाना आहेच. गोऱ्याला वेड लागलं की जहाजात बसवून मायदेशी धाडत. आपल्यातल्या कुणाचं गाव कळलं नाही, तर रकाना कोरा आणि माणूस मरेपर्यंत आत. साहेब गेले, रकाना तेवढा आम्ही जपला. जेवणाच्या सुट्टीत मी त्या वह्या चाळायचे.

मी पाच-सहा खुलासे लिहिले. प्रत्येकात 'नजरचुकीने' असं घातलं. कुणाच्या, ते लिहिलं नाही.

दीड वर्षाने सुटकेचा कागद आला. भाऊ न्यायला आला. अम्मा रमजानच्या आधीच गेली, म्हणाला. शेवटपर्यंत विचारत होती, आला का.

मग त्याने माझ्यापुढे हात जोडले. "मैडम, आपने न लिखा होता, तो भाई यहीं मर जाता."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच्याकडे खुर्ची सरकवली आणि म्हटलं, "बैठो. चाय पीके जाओ."