दुपारची पित्ताची गोळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नणंदेला नाही, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनाही नाही. तुम्हाला सांगतेय, तुम्ही मला ओळखत नाही म्हणून — की ओळखलंत तरी आता काय फरक पडणार आहे?

इंदिरानगरच्या घरात आम्ही दोघीच. सासूबाई आणि मी. हे गेले त्याला नऊ वर्षं झाली, नणंद मनमाडला. आईंनी ऐंशी ओलांडलेली. दुपारभर त्यांचं तेच ते चालायचं — गॅस बंद केलास का, कडी लावलीस का, कुणी आलं होतं का. येणारं होतं कोण?

एकदा त्यांच्या अंगावर पित्त उठलं. लालभडक गांधी, खाजवून खाजवून जीव नकोसा. डॉक्टरांनी गोळी दिली, रोज रात्री अर्धी, पाचच दिवस. म्हणाले, हिनं झोप येते, या वयात तोल जातो, उठताना हाताला धरा. तिसऱ्या दिवशी गांधी बसल्या. पण त्या दिवसांत घर असं शांत झालं होतं —

जुनी चिठ्ठी दाखवून मी मेडिकलमधून आणखी एक पाकीट आणलं. मग आणखी एक. आता दुपारी, जेवणानंतर, अख्खी गोळी. पित्ताची आहे, म्हणायचे. त्या निमूट घ्यायच्या. दोन तास मी गॅलरीत बसायचे. काय करायचे? काहीच नाही.

चार महिने हे चाललं. त्यांच्या तोंडाला कोरड पडायची, जीभ जड व्हायची, भिंत धरधरून चालायच्या. नणंदेला फोनवर सांगायचे, वय झालं आता. मला कळत नव्हतं का? कळत होतं.

एका दुपारी मी गॅलरीत असताना त्या एकट्याच उठल्या आणि बाथरूमच्या दारात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, झोप येणारं काही औषध चालू आहे का? म्हटलं, फक्त बीपीची गोळी. पाकीट माझ्या पर्समध्ये होतं.

पलंगावरून आई म्हणाल्या, "दुपारची ती पित्ताची..."

"ती कधीच बंद केली ना, आई."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "ही म्हणते ते खरं. माझ्या काही लक्षात राहत नाही आता."

खरंच आठवत नव्हतं, की मला सांभाळून घेत होत्या? विचारायला सात महिने होते माझ्याकडे — तेवढे दिवस त्या अंथरुणावर होत्या, पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. मी विचारलं नाही.

दहाव्याला रामकुंडावर नणंद सगळ्यांना सांगत होती, वहिनीनं केलं तेवढं पोटच्या मुलीनं केलं नसतं. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतेय.

त्या पडल्या त्या दिवशीही दिली होती. वरणभात झाल्यावर. पाण्याचा पेला त्यांच्या ओठांशी मीच धरला होता.