लोहाच्या गोळ्या आणि अप्पांची सही

मी पुन्हा पळायला लागलो ते कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी, आणि तेही चोरून. आदल्या वर्षी कॉलेजच्या मैदानावर पाच हजार मीटरच्या शर्यतीत आठव्या फेरीला मी आडवा झालो होतो. शुद्धीवर आलो तेव्हा उशाशी अप्पा बसले होते, रेल्वेचा निळा सदरा अंगात, आमच्या होटगी गावाहून मिळेल त्या गाडीनं आलेले. रागावले नाहीत. आपल्या घरातून कॉलेजात गेलेला तू पहिला, शिकायला गेलास, पळायला न्हाय, एवढंच म्हणाले. पुन्हा पडलास तर बोर्डिंगमधली ट्रंक उचलायची आणि सरळ रूळ सांभाळणाऱ्या रेल्वेच्या गँगमध्ये रुजू व्हायचं, असंही सांगून गेले. अप्पा बोललेलं करत, हे मला ठाऊक होतं.

दुसरं वर्ष सुरू झाल्यावर सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. लहानपणापासून शेतातून अनवाणी हिंडल्यामुळे पोटात जंत झालेत, ते रक्त पितात, असं त्यांचं म्हणणं. जंतांचं औषध दिलं आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, सकाळ-संध्याकाळ एकेक. त्या लालसर, वरून गोड गोळ्या मी एकदाही चुकवल्या नाहीत. पण अभ्यासाला बसलो की डोळ्यांपुढे अंधारी यायची ती यायचीच. पहाटे कंबर तलावाकडे दबकत पळून बघायचो, तर दोन विजेच्या खांबांतच छाती भरून यायची. मनात म्हणायचो, माझं शरीरच या कामाचं नसावं. हे कुणाला सांगण्याचं धाडस मात्र झालं नाही.

अशात कॉलेजात नोटीस लागली. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी निवड दोन महिन्यांवर आली होती. खेळाच्या सरांनी मला बोलावून फॉर्म दिला आणि गेल्या वर्षीच्या प्रकारामुळे तुला वडिलांची सही लागेल, असं बजावलं. फॉर्म वहीत ठेवून मी पुन्हा दवाखान्यात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या कंपाउंडरांनी औषधांचा कागद पाहिला, मला पाहिलं आणि गोळी कशाबरोबर घेतोस ते विचारलं.

"चहाबरोबर," मी म्हणालो.

आमच्याकडे औषध घ्यायची तीच रीत होती. अप्पांच्या गँगमध्ये ताप असो की खोकला, पुडी चहाबरोबरच पोटात जायची. चहाशिवाय औषध पोटात बसत नाही, असं सगळेच मानत. सकाळी बोर्डिंगच्या दारातल्या गाड्यावर आणि संध्याकाळी परत तिथंच, मी नेमानं गोळी तोंडात टाकून वर कडक चहा प्यायचो.

कंपाउंडरांनी चष्मा कपाळावर चढवला. "आरं लेका, अडीच महिनं तू गोळ्या चहाला चारल्यास की. तुझ्या वाट्याला काय ऱ्हायलं?"

चहामुळे लोह अंगी लागत नाही, हे त्यांनी मला शांतपणे समजावलं. गोळी जेवल्यावर लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा दोन तासांनी. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला. दोष माझ्या शरीराचा नव्हता. बोर्डिंगपर्यंत मी जवळजवळ उड्या मारत आलो.

पुढचे दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो. तिसऱ्या आठवड्यात एकदा जिना चढून वर आलो आणि लक्षात आलं की मी मध्ये थांबलोच नाही. पहाटेच्या पळण्यात खांब मोजणं सुटलं. महिनाभरानं तलावाला पूर्ण वळसा घालून आलो, तेव्हा गिरणीचा भोंगा वाजत होता, कामाला निघालेल्या सायकली माझ्या बाजूनं चालल्या होत्या आणि त्यांतल्या एका म्हाताऱ्याच्या सायकलीला मी मागं टाकलं. त्यानं घंटी वाजवून मला शिवी दिली. मला ती शाबासकीसारखी वाटली.

फॉर्म भरून द्यायला चार दिवस उरले तेव्हा मी होटगीला गेलो. अव्वाच्या, म्हणजे आईच्या, देखत फॉर्म अप्पांपुढे ठेवला आणि चोरून पळत होतो तेही सांगून टाकलं. अप्पा जेवत राहिले. हात धुऊन झाल्यावर म्हणाले, सकाळी माझ्याबरोबर लायनीवर चल.

अप्पा चावीवाले होते. हातोडा आणि पाना घेऊन रोज रुळाच्या कडेनं चालायचं, रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली झालेली दिसली की ठोकून बसवायची. सकाळी त्यांनी मला एका किलोमीटरच्या दगडापाशी उभं केलं.

"हितनं पुढचा तिसरा दगड शिवून यायचं. कडेच्या वाटंनं. बसलास तर फॉर्म चुलीत."

जाऊन-येऊन सहा किलोमीटर होत होते. पहिल्या दगडाला पाय जड झाले आणि माझा जीव घाबरा झाला. मग श्वासाला लय सापडली, खरंच सापडली, आणि तिसऱ्या दगडावर थाप मारून मी वळलो. येताना ऊन तोंडावर होतं, एक मालगाडी धडधडत शेजारून गेली, गार्डनं हात केला आणि मी एकटाच हसत होतो.

अप्पा लांबून दिसले. निघालो तेव्हा जिथं होते तिथंच, त्याच दगडापाशी. रुळावरचं काम त्यांनी कधी कुणासाठी थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं.

"बोल की काय तरी," ते म्हणाले. धाप किती लागलीय, ते त्यांना ऐकायचं होतं.

"अप्पा, मला अजून पळता येईल."

"साकु," ते कानडीत म्हणाले, म्हणजे पुरे. खिशातून फॉर्म काढला. तो रात्रीच त्यांनी घडी करून ठेवला होता. माझ्या पाठीवर कागद टेकवून त्यांनी पेन्सिलीनं एकेक अक्षर काढलं, कानडीतच, कारण सही त्यांना तेवढीच येत होती. प्रत्येक अक्षर पाठीवर टोचत होतं आणि मी श्वास रोखून अजिबात न हलता उभा होतो.