बिनसांध्याची फरशी

मिस्त्रींच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस दारातच थबकायचा, खाली बघायचा आणि विचारायचा, "चप्पल काढून येऊ ना?" फरशी होतीच तशी. फिकट, दुधात चहाचे चार थेंब पडावेत अशा रंगाची, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकही सांधा न दिसणारी. सांधे अर्थातच होते. पण मिस्त्रींनी त्याच फरशीचे तुकडे कुटून, त्यांची पूड वस्त्रगाळ करून ते असे बेमालूम भरले होते की बोट फिरवलं तरी पत्ता लागू नये. जन्मभर दुसऱ्यांच्या घरात फरश्या बसवल्या. तिथे कुणाला घाई, कुणाचा हात आखडता. मनासारखं काम झालं ते फक्त स्वतःच्या घरात. तेव्हापासून धंद्यातली माणसं त्यांना 'बिनसांधे' म्हणू लागली. ते वरवर वैतागायचे, पण आतून सुखावायचे.

बायको शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. तिथे तिला लहानथोर सगळे मास्तरीण म्हणत. टेबलावर कापडाचे थर लागले की ती खडू घेऊन उभी राहायची आणि एका दमात रेघ ओढायची. मालकीणसुद्धा त्या रेघेला पट्टी लावून बघत नसे. "तुमचा जन्म रेघा बुजवण्यात गेला आणि माझा ओढण्यात," ती नवऱ्याला म्हणायची. "आपली पत्रिका बघितली कुणी?"

मग मिस्त्रींच्या हातातली थापी थरथरायला लागली. आधी वाटलं, अशक्तपणा. डॉक्टरीणबाईंनी नाव सांगितलं, पार्किन्सन, म्हणजे कंपवात. थरथर एक वेळ परवडली. कपात चहा अर्धाच ओतला की भागत होतं. पण पुढे पाय दगा द्यायला लागले. माणूस पलंगावरून उठायचा, खोलीच्या मध्यापर्यंत यायचा आणि तिथेच खिळायचा. डोकं म्हणतंय चल, पाय ऐकतच नाहीत. ज्याला बसा म्हणायचं राहून गेलंय अशा पाहुण्यासारखे मिस्त्री आपल्याच घरात उभे राहायचे. एकदा तसेच पुढे झेपावले आणि तोंडावर आपटले. दुपार तर सगळ्यात वाईट. ते पडले त्या दिवसापासून मास्तरीण अर्ध्या दिवसाच्या कामावर आली.

आता शाळा उघडायचे दिवस जवळ आले होते. मालकीण वाईट नव्हती, पण तिलाही धंदा होता. "सोमवारी मला सांग," ती म्हणाली, "पूर्ण दिवस येणार असशील तर टेबल तुझं. नाहीतर मला दुसरी कुणी बघावी लागेल." मास्तरणीच्या पगारावर तर गोळ्या चालल्या होत्या. कामावर जावं तर नवरा पडायचा, घरी बसावं तर औषध बंद. इकडे आड, तिकडे विहीर.

नणंदेचा सल्ला तयारच होता. तिचे सल्ले कायम तयार असतात, आणि फुकट. "दिवसभराची बाई ठेव गं त्याच्याकडे."

"ठेवते की. माझा सगळा पगार तिच्या हातात देते आणि वन्सं, गोळ्या तुमच्याकडून नेते."

नणंदेला त्या दिवशी लवकर घरी जायचं आठवलं.

शुक्रवारी दोघं इस्पितळात व्यायामाला गेली. जुनी इमारत, लांबलचक ओसरी, आणि खाली काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी. मिस्त्री तिच्यावर उतरले आणि चालायला लागले. एक चौकट, दुसरी चौकट, न अडखळता, थेट टोकापर्यंत. मास्तरीण पिशवी धरून मागेच राहिली. आनंद व्हायला हवा होता. तिला आला राग.

"म्हणजे घरी नाटकं करता का?" ती भर ओसरीत म्हणाली.

व्यायाम शिकवणारी ताई हसली नाही. तिने हे भांडण आधीही ऐकलं असावं. "नाटक नाही, काकू. या आजारात पायाला आपणहून पाऊल सुचत नाही. समोर आडवी रेघ असली की ती ओलांडायला पाय उचलला जातो. घरी फरशी कशी आहे?"

मास्तरणीने नवऱ्याकडे बघितलं. मिस्त्री खाली बघत होते. "कसली बसवलीय," ते पुटपुटले, "एक ओळ सरळ नाही."

घरी आल्या आल्या मास्तरणीने पर्समधला खडू काढला आणि पलंगापासून न्हाणीघरापर्यंत आडव्या रेघा ओढल्या. मिस्त्री खुर्चीतून बघत होते. ही गप्प राहण्याची तऱ्हा तिला माहीत होती, पण दुसऱ्या दिवशी शनिवारचं काम होतं, ती गेली.

दुपारी परतली तर फरशी लख्ख. मिस्त्री भिंतीला टेकून खाली बसलेले, हातात ओलं फडकं, गुडघे सोललेले. चालता येत नव्हतं म्हणून हा माणूस रांगत रांगत सगळ्या रेघा पुसून आला होता.

"मी जिवंत आहे तोवर या फरशीवर रेघ नको," ते म्हणाले.

मास्तरणीच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंही होतं, दुसरंही होतं. ती त्यांच्या शेजारी खालीच बसली. "सोमवारी मालकिणीला काय सांगू? फरशी सांभाळतेय म्हणून येत नाही, असं सांगू?"

मिस्त्रींनी फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "माझी हत्यारांची पिशवी दे."

तिने दिली. कापऱ्या हातांनी त्यांनी तळातून एक डबी काढून तिच्यापुढे ठेवली. आत गोळ्यांचे अर्धे तुकडे होते, अगदी मधोमध कापलेले. दुपारच्या गोळ्या.

"अर्ध्यात भागतं का बघत होतो," ते म्हणाले. "तुझा पगार सगळा त्यातच जातो."

मास्तरीण त्या तुकड्यांकडे बघत राहिली. दुपारी रोज पाय का खिळतात, ते तिच्या आता लक्षात आलं. ओरडावं की जवळ घ्यावं, तिला कळेना.

"अहो, माल कमी घालून काम करणाऱ्या मिस्त्रीला तुम्ही काय म्हणायचात?"

मिस्त्रींनी मान खाली घातली. "चोर."

"मग?"

तिने गुडघ्यांना मलम लावलं. जरा जास्तच चोळून लावलं, हेही खरं.

रविवारी सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा मिस्त्री पलंगाच्या कडेवर बसले होते, मांडीवर दोरीचं रीळ आणि काटकोन बघायचा गुण्या. "कालच्या तुझ्या रेघा," ते म्हणाले, "अंतर सारखं नव्हतं."

"माझ्या रेघांना आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

"कापडावरच्या. फरशीचं तुला काय कळतं? दोरीचं टोक धर आणि तिकडे जा. आणि खडू नको. खडू पुसला जातो. माळ्यावर काळ्या रंगाचा डबा आहे, तो काढ."

तिने वळून बघितलं. "अहो, तो परत निघायचा नाही."

"निघू नये म्हणूनच सांगतोय."

दिवसभर दोघांचं काम चाललं. ती खाली वाकून, ते खुर्चीतून हुकूम सोडत. आधी काचपेपरने घास, नाहीतर रंग धरणार नाही. इतका जोर नको, भांडी घासतेस काय. पावलाचं अंतर त्यांनी स्वतःच्याच चपलेवरून बेतलं. वळणावर मास्तरीण अडली. सरळ रेघा तिथे एकमेकींना कापत होत्या. मिस्त्रींनी खिळ्याला दोरी बांधायला लावून रेघा पंख्याच्या काड्यांसारख्या पसरवल्या, म्हणजे वळतानाही दर पावलाला एक रेघ. इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज कामावरच्यासारखा चढला होता. मास्तरणीची कंबर मोडून आली, पण तिने ते बोलून दाखवलं नाही. पट्ट्या दाराशी जाऊन पोचल्या तेव्हा मिस्त्रींनी फरशीवरून एकदा नजर फिरवली आणि तोंड दुसरीकडे केलं. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. वाईट तिलाही वाटत होतं. ती फरशी तिचीही होती.

सोमवारी सकाळी ती आधी इस्पितळात गेली आणि डॉक्टरीणबाईंपुढे डबी उघडली. बाई चांगल्याच रागावल्या. गोळी अर्धी करायची नाही, वेळ चुकवायची नाही; आणि पैशांचं होतं तर तोंड का शिवलं होतं? मग त्यांनी तीच गोळी दुसऱ्या, स्वस्त कंपनीची लिहून दिली. मास्तरीण तिथून कारखान्यात गेली आणि मालकिणीला म्हणाली, "टेबल माझं."

पूर्ण दिवसाचा पहिला दिवस तिने कसा काढला, ते तिचं तिलाच माहीत. दुपारी कारखान्याच्या फोनवरून घरी गोळीची आठवण करून दिली, पलीकडून "घेतली. पूर्ण. तू कापडाकडे बघ," एवढंच आलं. संध्याकाळी ती जवळजवळ पळतच घरी आली. मिस्त्रींना दारापर्यंत येणं जमत नसे, म्हणून ती नेहमी बाहेरून किल्लीनेच लॅच उघडायची. आज घाईत पर्समध्ये किल्ली सापडेना. खडू लागला, रुमाल लागला, किल्ली काही नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला. चपलेचा. एक पाऊल, मग दुसरं. मध्ये थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. वळणावरून पुढे आलं. लॅचचा खटका खडखडला, दोनदा निसटला, तिसऱ्यांदा फिरला.

मिस्त्री दारात उभे होते. कपाळावर घाम, हात खटक्यावर थरथरत, पण उभे होते, कुणाच्याही आधाराशिवाय.

"वळणावरच्या दुसऱ्या पट्टीचा रंग बाहेर गेलाय," ते म्हणाले. "रविवारी नीट कर."

मास्तरीण दारातच थबकली आणि पहिल्यांदा आलेल्या पाहुण्यासारखी खाली बघत राहिली. पलंगापासून दारापर्यंत काळ्या पट्ट्या, एकीपुढे एक.

"बाहेर काय उभी राहिलीस?" मिस्त्री म्हणाले. "आत ये. आणि चप्पल काढून ये, फरशी पुसलीय मी."