टोपी डब्यातच राहिली

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. यांच्याजवळही नाही — आणि यांच्यापासून लपवलेलं दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. आज तुम्हाला सांगते.

तीस सालच्या आसपासची गोष्ट. आम्ही नाशकात तांबट आळीत राहत होतो, हे शाळेत शास्त्र शिकवायचे. दोन मुली पाठोपाठ झाल्या, दुसरीच्या वेळी मी मरता मरता वाचले, तेव्हा यांनीच ठरवलं — आता पुरे. किती नवरे असं ठरवायचे त्या काळी? आधी यांनी मुंबईहून टपालानं पुरुषांच्या रबरी पिशव्या मागवल्या. त्या धुऊन, पावडर लावून पुन्हा वापरायच्या. पण उन्हाळा लागला आणि रबराला चिरा पडल्या. मग हे मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्यांनी मापाची रबरी टोपी दिली, आत कशी बसवायची ते शिकवलं, सोबत मलम दिलं. म्हणाल्या, पक्की खात्री कशाचीच नाही, पण दर वेळी नीट वापरली तर सहसा फसत नाही.

पाच वर्षं काही झालं नाही. उपाय चालत होता हो, चांगला चालत होता. यांना त्याचं इतकं कौतुक, की शाळेतल्या दोघा मित्रांनाही यांनी लाजत लाजत सांगितलं.

आणि मग — कसं सांगू? धाकटी शाळेत जायला लागली आणि मला तान्हं हवंसं झालं. यांना सांगितलं असतं तर? माझ्या काळजीनं नाही म्हणाले असते, आणि मला नाही ऐकायचं नव्हतं. टोपी डब्यातच राहू लागली. यांनी विचारलं की मी हो म्हणायचे.

दिवस गेले. नऊ महिने यांच्या जिवात जीव नव्हता. माधव झाला, मीही धडधाकट राहिले, आणि हे त्याला मांडीवर घेऊन तासन्‌तास बसायचे. पण माणूस सरळ — मित्रांना सांगून आले, उपाय फसला, भरवसा ठेवू नका. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला विचारलं, दर वेळी वापरलीत ना? मी हो म्हणून मान हलवली.

एवढ्यावरच थांबलं असतं तर?

शेजारी यमुना होती, तांबटाची बायको, पाच मुलांची आई. माझ्या बाळंतपणात माझ्या मुलींच्या वेण्या तिनं घातल्या, मला बळेबळे खाऊ घातलं. तिचं पाचवं बाळंतपण फार जड गेलं होतं, पुढचं झेपणार नाही असं सुईणीनं बजावलं होतं. टोपीचं तिच्या नवऱ्याकडून तिच्या कानावर आलं होतं. एका सकाळी गंगेवर, म्हणजे गोदेच्या घाटावर, धुणं धुताना तिनं हळूच विचारलं, "ती टोपी, तिनं खरंच काही होतं का गं?"

चालते म्हणावं, तर माधव कसा झाला? तिचा नवरा यांच्याशी रोज बोलायचा. शब्द फिरून घरी आला असता.

"नाही गं," मी म्हणाले, "माझं बघतेस ना. काही उपयोग नाही."

तिनं लुगडं पिळलं. पुन्हा विचारलं नाही.

दोन वर्षांच्या आत ती परत बाळंत झाली. मूल गेलं. ती वाचली, पण कंबर अशी गेली की घाटाच्या पायऱ्या तिला पुन्हा उतरता आल्या नाहीत. मी तिचं धुणं न्यायचे, तिच्या पोरांना जेवू घालायचे. आळीत लोक म्हणायचे, सख्खी बहीण करणार नाही एवढं करते. माझा जीव होताच तिच्यावर — पण तेवढ्यासाठीच करत होते का मी?

एकदा तिची कंबर शेकत होते. ती म्हणाली, "तू तेव्हा खरं सांगितलंस ते बरं झालं. नाहीतर उगाच आस लावून त्या बाईंकडे गेले असते."

मी शेकत राहिले.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. रोज भेट व्हायची. मी सांगितलं नाही.